फोन नंबर ३८६, पी.पी.

लातूर, ७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

सकाळपासून अकरा फोन आले. त्यातला आमचा एक, आणि तोही चुकून लागलेला. उरलेले दहा गल्लीचे.

म्हणून आजपासून ही डायरी मी घेतली. पितळेच्या कारखानदाराने यांना दुकानासाठी दिली होती, ती नुसतीच पडून होती. आमचे भांड्यांचे दुकान गंजगोलाईत. यंदा पाऊस नाही, त्यामुळे घागरी, बादल्या, पिंपे यांना मरणाचे गिऱ्हाईक. दुष्काळ आम्हाला पावला असे बोलू नये, पण इथे खोटे कशाला लिहू, पावला.

फोनसाठी यांनी सहा वर्षे अर्ज केले होते. गेल्या ऑगस्टात लातूरचा जिल्हा झाला आणि दिवाळीत फोन आला. जिल्हा आला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, फोन आले. पाणी तेवढे यायचे राहिले.

गल्लीत फोन आमचा एकट्यांचाच. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना हौसेने दाखवला, वर चहाही पाजला. भोगते आहे त्याची फळे. कोपऱ्यावरच्या रेवणप्पाने विम्याच्या कार्डावर छापले, 'फोन ३८६, पी.पी.' शेजारच्या निवृत्ती मास्तरांनी लेकीच्या सासरी कळवले, '३८६, पी.पी.' पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस शेजारचा. माझ्या घराचा नंबर छापायचा आणि मला विचारायचेही नाही! मी हातातले काम टाकून ओट्यावर जायचे, हाका मारायच्या, मग लोकांनी चपला वाजवत येऊन माझ्या खुर्चीत बसून बोलायचे. हे म्हणतात, "शिवकांता, मागल्या जन्मी तू पोस्टात व्हतीस." यांना हसायला काय जाते? हे दिवसभर दुकानात.

१२ फेब्रुवारी

लिंगपूजेला बसले होते. तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, आणि फोनची घंटी. नाही उठले. वाजून वाजून बंद झाली. संध्याकाळी रेवणप्पा विचारायला आला, "अक्का, माजा फोन आलता काय?" म्हटले, "आला असंल. मी देवाशी बोलून राहिले व्हते." तोंड वाकडे करून गेला. बरे वाटले.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

उदगीरहून स्वामीजी आले होते. माझ्या माहेरचे गुरू, अकरा वर्षांनी आमच्या घरी पाद्यपूजा. वीस माणसे जमलेली. नळ आठव्या दिवशी येतो, तो आज यायचा होता, आला नाही. पिंपातले पाणी स्वयंपाकात संपले. स्वामीजी पाटावर बसले आणि पाय धुवायला घरात तांब्याभर पाणी.

मास्तरांच्या अंगणात आड आहे. जुना, दगडी, कधी न आटलेला. मी कामाला येणाऱ्या कमलम्माला घागर देऊन पाठवले, ती रिकामी परत आली. मग मी स्वतः गेले. शालू नेसून, कपाळाला भस्म लावून, दोन घागरी पाण्यासाठी सुमनबाईच्या दारात उभी राहिले. आडावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप! आणि ती मास्तरीण काय म्हणाली? "अक्का, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून यावं?" माझ्यामागे आलेल्या दोन बायांसमोर मला म्हण ऐकवली.

आणि आज पहाटे मी स्वतः रहाटाचा आवाज ऐकलेला आहे. खर्र खर्र, तासभर. स्वतः उपसून ठेवायचे आणि दुसऱ्याला म्हण ऐकवायची.

एका तांब्यात गुरूंचे पाय ओले केले. धुतले म्हणवत नाही. स्वामीजी म्हणाले, "भाव महत्त्वाचा, पाणी नव्हे." त्यांनी असे म्हटल्यावर मला जास्तच रडू आले. सुमनबाई, याचे उट्टे काढले नाही तर नावाची शिवकांता नाही.

२१ फेब्रुवारी

दत्तू सुताराकडून फोनला लाकडी पेटी करून घेतली. कडी आणि कुलूप. तिने आडाला लावले, मी फोनला लावले. फोन बाहेर कोणाला लावता येणार नाही याची सोय झाली. पण येणारे काही पेटीने थांबत नाहीत. दुपारी रिसीव्हर काढून जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी टेलिफोनचा लाइनमन दारात, "बाई, तुमची लाइन मेली म्हणून तक्रार हाय." रेवणप्पाचेच काम. लाइनमनने लुगडे सोडले, माझ्याकडे पाहिले आणि चहा मागितला.

२६ फेब्रुवारी

युक्ती सापडली, आणि इतकी सोपी की हसू येते.

बाहेरगावचा फोन आला की आधी ऑपरेटर बोलते. "पी.पी. कॉल आहे, रेवणप्पा आहेत का?" माणूस आहे म्हटले तर ती बोलावेपर्यंत थांबते आणि पलीकडच्याला जोडून देते. नाही म्हटले तर कॉल तिथेच रद्द. पेटी नको, लुगडे नको. एक शब्द पुरतो.

आज सोलापूरहून रेवणप्पाच्या जावयाचा कॉल होता. मी म्हटले, "नाहीत." संध्याकाळी जावई मोटारस्टँडवर ट्रंक घेऊन दीड तास उभा, घ्यायला कोणी नाही! रुसला, जेवला नाही म्हणे. रेवणप्पाची बायको जगदेवी जावयाच्या मागे ताट घेऊन फिरत होती, ते मी खिडकीतून पाहिले. पोट भरून हसले.

७ मार्च, सोमवार

दुपारी ऑपरेटर, "हदगावहून पी.पी. कॉल. सुमनबाई आहेत का?"

हदगावला मास्तरांची पंचफुला दिली आहे. एवढीशी होती तेव्हापासून माझ्या मांडीवर वाढलेली पोर. आम्हाला मूलबाळ नाही. शाळेतून आली की आधी माझ्या चुलीपाशी यायची. शेंगदाण्याची पोळी आवडायची. पण पंचफुला वेगळी आणि तिची आई वेगळी.

सुमनबाई अंगणातच होती. मी म्हटले, "नाहीत."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते असे आयते हाताशी आले. तिच्या पाण्याला कुलूप, तिच्या फोनलाही कुलूप. फिटंफाट.

१४ मार्च, सोमवार

पुन्हा हदगाव. ऑपरेटर तीच, आवाज ओळखते मी आता. सुमनबाई भिंतीपलीकडे कोणाला तरी मोठमोठ्याने सांगत होती की टँकर मंगळवारी येणार. मी रिसीव्हरवर हातसुद्धा धरला नाही. म्हटले, "न्हाईत बाई, गावाला गेल्यात."

पंचफुलाला सातवा महिना लागला आहे. सुमनबाईने दोरीवर दुपटी आणि कुंच्या वाळत घातल्या आहेत, आमच्या बाजूच्या दोरीवर, मुद्दाम. मला दिसावे म्हणून. घाल बाई, घाल.

२१ मार्च, सोमवार

सोमवारी बरोबर अडीचला. आज ऑपरेटर म्हणाली, "तातडीचा कॉल आहे, जरा बघता का?" मी म्हटले, "बघितलं. नाहीत." आजकाल तातडीचे काय नसते? आईशी चार गोष्टी बोलायच्या असतील, सासूचे गाऱ्हाणे असेल. आम्ही सासरी होतो तेव्हा कोणता फोन होता? वर्षाला एक कार्ड यायचे, तेही सासरे आधी वाचायचे.

२८ मार्च, सोमवार

अडीचला कॉल. "नाहीत."

आणि चारला सुमनबाई स्वतः माझ्या दारात! पाद्यपूजेनंतर पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभी. "अक्का, हदगावचा फोन बिन आलता का?"

मी म्हटले, "न्हाई बा."

ती तिथेच बसली ओट्यावर. म्हणाली, "पयलं बाळंतपण माहेरीच व्हायला पायजे. आमी तयार हाव. पर त्यांच्याकडून निरोप आल्याबिगर तिला आनायला मुराळी कसा धाडावा? बोलावल्याबिगर गेलं तर त्यांचा मान मोडतो, पोरीला ऐकून घ्यावं लागतं. ते म्हनले व्हते, फोन करू. आठवा लागल्यावर कोन धाडतंय? आठव्यात बाईला हलवत न्हाईत." 

मी विचारले, "मग पत्र टाका की."

"दोन टाकली. पोरीच्या हातात पडली का न्हाई देव जाणे."

ती गेल्यावर मी बराच वेळ चहाच्या भांड्यापाशी उभी होते. पण लगेच तो तांब्या आठवला, आणि स्वामीजींचे अर्धे ओले पाय. आता दारात येते आहे. तेव्हा मी दारात गेले होते ना?

हे रात्री जेवताना म्हणाले, "लेकराचा फोन आला तर बोलवत जा बरं." यांना कोणी सांगितले कोण जाणे. मी म्हटले, आलाच नाही.

४ एप्रिल, सोमवार

काल रात्री ठरवले होते की आज बोलावीन. खरोखर ठरवले होते, इथे खोटे लिहीत नाही.

सकाळी टँकर आला. माझ्या घागरी पुढे होत्या. सुमनबाई तीन घागरी घेऊन आली आणि गर्दीत शिरून माझ्या घागरी पायाने बाजूला सारून आपल्या लावल्या. घरात आड असणाऱ्या बाईला टँकरचे पाणी कशाला हवे? केवढी हाव! मी सगळ्यांसमोर तोंड सोडले. ती नुसती पाणी भरून गेली. टँकर माझ्या दोन घागरी भरायच्या आत संपला.

अडीचला घंटी वाजली. मी पाच वेळा वाजू दिली, मग उचलून म्हटले, "नाहीत. आणि त्यांना सांगा, परत लावू नका."

११ एप्रिल, सोमवार

लाइन खराब होती, खरखर. ऑपरेटर म्हणाली, "बाई, मुलगी रडते आहे हो. जरा बोलावता का?"

मी म्हटले, नाहीत.

ती म्हणाली, "तुम्हीच बोला मग. जोडू का?"

मला काय बोलायचे होते तिच्याशी? मी ठेवून दिला. यांच्यावर उगाच ओरडले.

१८ एप्रिल, सोमवार

आज फोन आला नाही. अडीच वाजले, तीन वाजले. पेटी उघडून रिसीव्हर कानाला लावून पाहिला, लाइन चालू आहे. चार वाजले.

शेवटी कंटाळली म्हणायची. सुटले.

एवढे लिहिले आणि उठले, पण पाचपर्यंत फोनपाशीच बसून होते.

२३ एप्रिल

मास्तरांकडे पत्र आले. व्याह्यांचे. मास्तर उभ्याने वाचून खाली बसले, आणि अर्ध्या तासात नांदेडच्या गाडीला गेले. सुमनबाई त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत पळत गेली, पायात चप्पल नव्हती. काय लिहिले होते ते कोणी सांगितले नाही. मी विचारायला गेले नाही. काय तोंडाने जाऊ?

२६ एप्रिल

दुपारी टांगा आला. मास्तर उतरले, मग पंचफुला. मी खिडकीत होते.

पोट नव्हते. हातातही काही नव्हते.

कमलम्माने सगळे सांगितले. आठवा लागून दहा दिवस झाले होते. सासूला घागर उचलवत नव्हती म्हणून पंचफुला एकटीच पाणी भरत होती, अर्ध्या कोसावरून, डोक्यावर दोन घागरी. सासर माहेरी धाडायला तयार होते, पण त्यांचेही तेच: माहेरचा मुराळी दारात येऊन मागणी करील, मगच. इकडे मास्तर निरोपाची वाट पाहत होते. मुलगा होता. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. तेरा तारीख, बुधवार.

अकराला मी फोन ठेवला होता.

आज स्वयंपाक केला नाही. यांना सांगितले, डोके दुखते.

२८ एप्रिल

जाऊन आले. जायलाच हवे होते, शेजार आहे, आणि न जावे तर लोक विचारतील. खरे लिहायचे तर लोक विचारतील यासाठीच जास्त.

मागच्या दाराने गेले. आडाची जाळी उघडी होती. सहज वाकून पाहिले. तळाला वाळलेला गाळ आणि त्यात भेगा. पहाटेचा तो रहाट गाळ काढत होता. कधी आटला म्हणून मास्तरांना विचारले. म्हणाले, "पौषातच गेला ओ. कोनी लेकरू बिकरू पडंल म्हनून कुलूप घातलं."

पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. सुमनबाई तिच्या केसांना तेल लावत होती आणि एकच गोष्ट परत परत म्हणत होती. "एक फोन करायचास गं माय. अक्काच्या घरी फोन हाय, हाकेच्या अंतरावर. एक फोन केला असतास तर तुजे बाबा दुसऱ्या दिवशी आले असते. अक्कानं मला कवाबी बोलावलं असतं."

मी दाराशी उभी. पंचफुलाने माझ्याकडे पाहिले. सगळे पाहिले आणि म्हणाली, "लाइनच लागत नव्हती आई. लई येळा लावला. लाइनच लागली न्हाई."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे म्हणतात ना. घेतले नाही. मी उभीच राहिले, आणि सुमनबाईने मला चहा केला.

२ मे, सोमवार

अडीच वाजता पंचफुला आली. घरात मी एकटी. आली आणि फोनपाशी बसली, लहानपणी चुलीपाशी बसायची तशी पाय जवळ घेऊन. पेटीच्या कुलपावरून बोट फिरवले.

मी म्हटले, "पोरी, तू आईला खोटं का सांगितलंस?"

ती म्हणाली, "सोमवारी सासू बाजारला जायची. तेवढ्यात मी पोस्टात जायची. ऑपरेटर तुमाला इचारायची तवा मला समदं ऐकू यायचं, काकू. तुमचा आवाज यायचा. मागून आईचा आवाज बी यायचा. टँकर मंगळवारी येनार म्हनून वरडत व्हती एक डाव."

मी पदराने पेटीवरची धूळ पुसू लागले.

"तेवढ्यासाठीच लावून राहिले पुन्हा पुन्हा. आईचा आवाज येतोय का बघायला."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "मी आईला कवाच सांगनार न्हाई. ते तुमी सांगायचं."

आणि गेली. तिला शिव्या द्यायच्या असत्या, केस ओढायचे असते, तर मी ओढू दिले असते. मला वाटत होते उट्टे काढणे मला येते. या पोरीने मला एका वाक्यात शिकवले.

३ मे

सांगितले नाही.

४ मे

सांगितले नाही. पंचफुला आमच्या दारावरून दोनदा गेली. थांबते, आत पाहते, जाते.

५ मे

यांना सांगितले. हे जेवता जेवता थांबले. मग हात धुऊन उठले. जाताना म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

७ मे

गेले होते. सुमनबाई तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, उन्हाळा फार आहे. ती म्हणाली, हाव. मी परत आले. मी त्यांच्या दाराबाहेर पडले तोच पंचफुला ओट्यावरून उठून आत गेली.

९ मे, सोमवार

सांगितले.

अडीच वाजले होते. सुमनबाई आमच्या बाजूच्या दोरीवरची दुपटी काढायला आली होती, घड्या करून देवळात देणार म्हणाली. मी तिचा हात धरून आत आणले, फोनच्या खुर्चीत बसवले आणि उभ्याने बोलले. पाद्यपूजेपासून सगळे. तुझा राग होता, आड कोरडा आहे हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी दुसरे काही शोधले असते, हेही सांगितले, कारण ते खरे आहे.

मला वाटले ती मारील. निदान ओरडेल. ती मांडीवरची दुपटी धरून बसली.

मग विचारले, "किती येळा आला फोन?"

"सहा."

"समदे पंचफुलाचेच?"

"हाव."

तिने मग माझ्याकडे तोंड वर केले. डोळ्यांत राग नव्हता, मी राग शोधत होते. माहेरच्या माणसाला विचारावे तसे विचारले, "काय म्हनत व्हती गं माजी लेक?"

आणि मला सांगता येईना. सहा वेळा फोन आला, आणि मी तिला एकदाही बोलू दिले नव्हते. ती काय म्हणत होती, ते मला माहीत नाही.